औषध चालू आणि इग्वानाचं खाणं बंद

विश्वामित्री नदीतल्या मगरी बडोद्याच्या माणसाला नव्या नाहीत. ऑगस्ट २०२४ च्या पुरात त्या सोसायट्यांच्या दारापर्यंत आल्या आणि देशभरच्या बातम्यांत झळकल्या, पण आपण त्यांना एरवीही पाहतो. थंडीत सकाळी काळा घोडा पुलावरून खाली डोकावलं तर एखादी तरी काठाच्या चिखलावर पसरलेली असते. तासभर हलत नाही. पुलावर उभा असलेला कुणीतरी हमखास म्हणतो, "मेली वाटतं." मेलेली नसते, अंग तापवत असते. अंग तापल्याशिवाय तिला शिकार करता येत नाही, आणि काल गिळलेलं पचवताही येत नाही.

हे लक्षात ठेवून घरातल्या काचपेटीकडे वळू. अलकापुरीपासून मांजलपूरपर्यंत कितीतरी फ्लॅटमध्ये आता हिरवे इग्वाना, बिअर्डेड ड्रॅगन, लेपर्ड गेको असे सरडे पाळलेले आहेत. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्र सरकारने आंतरराष्ट्रीय व्यापार-यादीतले (म्हणजे ज्यांच्या व्यापारावर 'साइटस' करारानुसार नियंत्रण आहे असे) विदेशी प्राणी पाळणाऱ्यांना 'परिवेश' पोर्टलवर नोंदणी करणं बंधनकारक केलं, तेव्हा या पाळीव सरड्यांची बरीच चर्चा झाली. हिरवा इग्वाना त्या यादीत येतो. (आपली घोरपड किंवा सांडा पाळणं हा मात्र गुन्हाच. तिथे नोंदणीचा प्रश्नच येत नाही.)

नोंदणीचं कसंतरी निभावतं. घरातल्यांना खरा घोर लागतो तो प्राणी आजारी पडल्यावर. तोंडात संसर्ग झाला, हाडं मऊ पडली किंवा पोटात जंत निघाले म्हणून डॉक्टरांनी औषध सुरू केलं, आणि दुसऱ्या दिवसापासून त्याने पानाकडे पाठ फिरवली. मग आजी दही सुचवते, शेजारी मध सुचवतात, आणि कुणीतरी सिरिंजने भरवायला बसतं. सगळ्यांचा हेतू चांगला असतो, पण यातल्या काही गोष्टींनी प्राणी दगावू शकतो. म्हणून न खाण्याचं कारण काय आणि कोणत्या क्रमाने काय करायचं, ते नीट पाहू. उदाहरण मुख्यतः हिरव्या इग्वानाचं घेतो.

आधी हिशोब: त्याला लागतं तरी किती?

आपण आणि आपली कुत्री-मांजरं खाल्लेल्या अन्नाचा मोठा भाग अंग गरम ठेवण्यात खर्च करतो. सरडा तो खर्च करतच नाही. त्याला ऊब बाहेरून मिळते, उन्हातून किंवा दिव्यातून. अशा प्राण्यांना बाह्यतापी म्हणतात.

या फरकाचा आकडा पाहण्यासारखा आहे. एक किलो वजनाच्या सस्तन प्राण्याला नुसतं पडून राहायला दिवसाला साधारण ७० किलोकॅलरी लागतात. त्याच वजनाच्या सरड्याला १० च्या आसपास पुरतात. आजारपण, हालचाल वगैरे धरून दीडपट-दुप्पट करा. तरी दोन मुठी पालेभाजीत काम भागतं. म्हणजे मांजराने तीन दिवस अन्नाला तोंड लावलं नाही तर जितकं घाबरायला हवं, तितकं अंगाने भरलेल्या प्रौढ इग्वानाच्या बाबतीत घाबरायचं कारण नाही. वजन टिकून असेल आणि पाणी पोटात जात असेल तर त्याच्याकडे थोडे दिवस असतात. पिल्लाकडे ते नसतात. पिल्लू दोन-तीन दिवस उपाशी राहिलं तर डॉक्टरांना कळवायलाच हवं.

हा हिशोब आधी सांगितला, कारण बहुतेक चुकीचे उपाय घाईतून होतात.

मग तो खात का नाही?

"औषधाने भूक मेली" हे आपण लगेच म्हणतो आणि ते काही वेळा खरंही असतं. काही प्रतिजैविकांनी, म्हणजे अँटिबायोटिक्सनी, मळमळतं. काही औषधं इतकी कडू असतात की तोंडात गेल्यावर तो बराच वेळ फेस काढतो. एन्रोफ्लॉक्सासिन या अँटिबायोटिकचं इंजेक्शन स्नायूत फार झोंबतं. तिथे सूज येते, आणि दुखणाऱ्या पायाने ताटलीपर्यंत जायला कोण उत्सुक असणार? त्यात रोज धरपकड होते. इग्वानाला हात दिसला की औषध आठवू लागतं, आणि त्याच हाताने ठेवलेल्या पानाबद्दलही त्याला संशय येतो.

इग्वानाच्या बाबतीत आणखी एक भानगड आहे. तो पूर्ण शाकाहारी. पानातला चोथा त्याला स्वतःला पचवता येत नाही, मोठ्या आतड्यातले जंतू तो आंबवून देतात आणि त्यातून त्याला ताकद मिळते. संसर्गावर दिलेलं अँटिबायोटिक या उपयोगी जंतूंनाही मारतं. मग पोट जड होतं, शी बिघडते, भूक जाते.

ही सगळी कारणं खरी असली तरी माझ्या मते घरात सगळ्यात जास्त वेळा नडते ती ऊब. आजारी प्राणी म्हणून लोक त्याला पेटीतून काढून टॉवेलमध्ये गुंडाळतात आणि शांत खोलीत खोक्यात ठेवतात. कुत्र्याच्या पिल्लाला हे चालतं, कारण ते स्वतःची उष्णता स्वतः तयार करतं आणि टॉवेल ती धरून ठेवतो. सरड्याच्या अंगात धरून ठेवण्यासारखं काही तयारच होत नसतं. जानेवारीत, उत्तरायणाच्या सुमारास, बडोद्याची रात्र बारा अंशांच्या आसपास उतरते. टॉवेलमधला इग्वाना खोलीइतकाच गार होतो.

थंडीत ढोकळ्याचं पीठ आंबत नाही हे आपल्याकडे प्रत्येक घराला ठाऊक आहे. दही घाला, रात्रभर ठेवा, सकाळी पीठ तसंच्या तसं. मग आपण त्यात आणखी दही ओतत नाही, पातेलं उबेला ठेवतो. इग्वानाच्या पोटातही तेच आंबणं चाललेलं असतं. फरक इतकाच की तिथे न आंबलेलं अन्न तसंच पडून राहत नाही, सडतं. गार सरड्याने खाणं नाकारलं तर तो शहाणपणा करतोय.

उबेचा आणि बरं होण्याचा संबंध

१९७० च्या दशकात अमेरिकेत मॅथ्यू क्लूगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वाळवंटी इग्वानांवर काही प्रयोग केले. हा आपल्या हिरव्या इग्वानाचा दूरचा, बराच लहान नातेवाईक. त्यांनी या सरड्यांना जंतूंचं इंजेक्शन दिलं आणि गरम-गार दोन्ही जागा मोकळ्या ठेवल्या. सरडे आपणहून नेहमीपेक्षा गरम जागी जाऊन बसले आणि अंगाचं तापमान साधारण दोन अंशांनी चढवलं. आपल्याला ताप येतो, त्यांनी तो बसायची जागा बदलून आणला.

पुढचा प्रश्न होता, या तापाचा उपयोग काय? १९७५ च्या प्रयोगात संसर्ग झालेल्या सरड्यांना ३४ ते ४२ अंशांच्या वेगवेगळ्या तापमानांत ठेवलं. गरम गटांत जगलेले जास्त, गार गटांत मेलेले जास्त. १९७६ मध्ये आणखी एक पायरी पुढे: आजारी सरड्यांना ॲस्पिरिनच्या कुळातलं ताप उतरवणारं औषध दिलं. ज्यांचा ताप उतरला ते मेले, औषध देऊनही ज्यांनी अंग तापवलं ते वाचले. घरातली पॅरासिटामॉलची बाटली सरड्याजवळ का आणायची नाही, याचं कारण इथे आहे.

यावरून कुणी आपल्या इग्वानाला ४२ अंशांत कोंडू नये. वाळवंटी जातीला एरवीच जास्त ऊब लागते. शिवाय प्रयोगातून घ्यायचं ते एवढंच की आजारी सरड्याला गरम जागा निवडता आली पाहिजे, आणि तिथून उठून गार जागी जाताही आलं पाहिजे. हिरव्या इग्वानासाठी दिव्याखालची जागा ३५ ते ३८ अंश, पेटीचं गार टोक २६ ते २९, आणि रात्री २४ च्या खाली शक्यतो नको. हे आकडे अंदाजाने धरू नका. थर्मामीटर प्राणी बसतो त्या फांदीवर लावा, छतावर नको. दिव्याला थर्मोस्टॅट, म्हणजे तापमान ठरलेल्या आकड्यावर राखणारं यंत्र, हवा. विजेवर तापणारे 'गरम दगड' मिळतात ते टाळा, पोटाला भाजतं आणि त्याला कळतही नाही.

एक गोष्ट नेहमी सुटते. दिवा वर, फांदी वर, आणि अशक्त प्राणी खाली गार कोपऱ्यात. थर्मामीटर म्हणतो सगळं ठीक, पण त्याला वर चढायची ताकदच नसते. औषधाच्या दिवसांत फांदी काढून दिव्याखाली बुटकी फळी ठेवा, आणि दिवा त्या मानाने खाली घ्या. अंगाला टेकेल इतका नव्हे.

औषधाचंही असंच आहे. डोसचा आणि दोन डोसमधल्या तासांचा हिशोब प्राणी त्याच्या सोयीच्या तापमानात आहे असं धरून केलेला असतो. गार सरड्यात औषध उचललं जायला आणि बाहेर पडायला वेगळा वेळ लागतो. काही वेळा ते हळू निघून मूत्रपिंडावर भार टाकतं. सेफ्टाझिडिमसारख्या अँटिबायोटिकचं इंजेक्शन डॉक्टर बहात्तर तासांनी एकदा देतात तेव्हा "इतक्या दिवसांनी कसं?" असं वाटतं, पण सरड्याच्या शरीराचा वेग तोच आहे. मधे एखादा जास्तीचा डोस आपल्या मनाने देऊ नका. इंजेक्शन पुढच्या पायात का, हेही लोक विचारतात. मागच्या अंगातलं रक्त हृदयाकडे जाण्याआधी काही प्रमाणात मूत्रपिंडातून जातं, म्हणून ही जुनी खबरदारी.

अन्नाआधी पाणी

ऊब ठीक झाली की ताट नाही, पाणी. कोरड्या पडलेल्या शरीरात अन्न ढकललं तर आतडं सरकत नाही, आणि वर मूत्रपिंडाला इजा करू शकणारं औषध चालू असेल (अमिकासिन हे अँटिबायोटिक त्यातलं एक, दुखणं कमी करणारं मेलॉक्सिकॅमही) तर धोका दुहेरी. सरडे नायट्रोजनचा कचरा युरिक आम्लाच्या रूपात टाकतात, शीबरोबर येणारा पांढरा भाग तो. तो मऊ, पांढरा असेल तर पाणी पुरतंय. खडखडीत, वाळूसारखा, पिवळट झाला तर कमी पडतंय. हिरवट दिसला तर डॉक्टरांना फोटो पाठवा, कारण त्यात यकृताची तक्रार असू शकते. पाणी फार दिवस कमी पडलं तर हेच युरिक आम्ल सांध्यांत आणि अवयवांत साचतं.

पाणी पाजायची सोपी तऱ्हा म्हणजे कोमट अंघोळ. पसरट टबात छातीपर्यंत येईल एवढंच, तिशीच्या थोडं वरच्या तापमानाचं पाणी, पंधरा-वीस मिनिटं, आणि तुम्ही शेजारी बसलेले. बरेच इग्वाना पाण्यात तोंड घालून पितात आणि बहुतेक जण तिथेच शी करतात. त्यामुळे टब वेगळा ठेवा. स्वयंपाकघरातलं सिंक किंवा घमेलं नको, कारण सरड्यांच्या शीत साल्मोनेला हा माणसाला आजारी पाडणारा जंतू असू शकतो. घरात पाच वर्षांखालचं मूल असेल तर हात धुण्याबाबत कसलीही ढिलाई नको. अंघोळीनंतर अंग पुसून थेट दिव्याखाली.

नाकाभोवती पांढरा खडूसारखा थर दिसला तर सर्दी समजू नका. इग्वाना जादा क्षार नाकातल्या ग्रंथींतून शिंकून टाकतो. नाकातून चिकट पाणी येत असेल तर ते वेगळं.

पाण्यात ओआरएस घालायचं की नाही आणि किती पातळ, हे डॉक्टरांना विचारून. गूळ, साखर, मध काही नको. आतड्यातले जंतू आधीच विस्कटलेले असतात, गोडाने भलतेच वाढतात.

ताटात काय

आता खंडेराव मार्केटातली भाजी. इग्वानाचं पथ्य आपल्याकडे फार सोपं आहे, परदेशातून डबे मागवायची गरज नाही. सगळ्यात आधी शेवग्याचा पाला (लारीवर 'सरगवानां पान' म्हणून मागा). १०० ग्रॅममध्ये ३०० मिलिग्रॅमच्या वर कॅल्शियम असलेली ही भाजी अनेकदा शेंगा तोडल्यावर फेकून दिली जाते. तुतीची कोवळी पानं, जास्वंदीची पानं आणि फुलं, मेथी, कोथिंबीर. सोबत किसलेला दुधी किंवा लाल भोपळा, थोडी फरसबी.

कॅल्शियमवर एवढा जोर का? ताटात कॅल्शियम फॉस्फरसच्या साधारण दुप्पट असावं लागतं. नसलं तर शरीर ते हाडांतून ओढतं. मग जबडा रबरासारखा मऊ पडतो, पाय वाकतात, अंग थरथरतं. आपल्याकडे औषधोपचाराला येणाऱ्या इग्वानांत हाडांचा हा विकार नेहमीचा. अशा प्राण्याला चावायलाच त्रास होतो, म्हणून तो खात नाही आणि आणखी बिघडतो. पालक, माठ, अळू यांत ऑक्झॅलेट असतं, ते कॅल्शियमला धरून ठेवतं आणि अंगी लागू देत नाही. एखाद्या दिवशी चिमूटभर पालक गेला तर आभाळ कोसळत नाही, पण "पालक म्हणजे ताकद" हे माणसांचं समीकरण इथे विसरा. कोबी-फुलकोबी रोज नको. कांदा, लसूण, अवोकाडो कधीच नको.

नुसतं कॅल्शियमही पुरत नाही. ते अंगी लागायला डी-३ जीवनसत्त्व हवं, आणि ते कातडीत तयार व्हायला उन्हातले यूव्हीबी (अतिनील) किरण हवेत. खिडकीच्या काचेतून आलेल्या उन्हात ते जवळजवळ नसतात. यूव्हीबी ट्यूब असेल तर ती प्रकाश देत राहिली तरी सहा ते बारा महिन्यांत तिचे किरण घटतात. थंडीत अगाशीवर जाळीच्या पिंजऱ्यात, अर्ध्या भागावर सावली करून, सकाळचा अर्धा तास हा सगळ्यात स्वस्त उपाय. मे महिन्यात, पारा बेचाळीसवर असताना, हाच उपाय जीव घेईल. सरड्याला घाम येत नाही. तोंड वासून बसला की लगेच सावलीत घ्या.

रुसलेल्या इग्वानाला खुणावायला रंग कामी येतो. त्याला रंग चांगले दिसतात. हिरव्या पाल्यावर लाल जास्वंदीची पाकळी किंवा पपईचा एखादा तुकडा ठेवला की जीभ बाहेर येते. केळंही चालतं, पण नखाएवढं. केळ्यात फॉस्फरस जास्त, आणि एकदा चव लागली की तो केळ्यासाठी अडून बसतो. पाला बारीक चिरा, थोडा ओला ठेवा, आणि तो अंग तापवून उठल्यावर, म्हणजे दिवा लागून दोनेक तास झाल्यावर द्या. ताटली ठेवून खोलीबाहेर जा. टक लावून पाहणाऱ्या घरच्यांसमोर तो खात नाही.

औषधाची आणि जेवणाची वेळ, शक्य असेल तर जागाही, वेगळी ठेवा. धरायचं, औषध द्यायचं, सोडायचं, आणि त्यानंतर तासभर तरी त्याच्या वाटेला जायचं नाही.

"औषध खाण्यातच कालवलं तर?"

नको, दोन कारणांसाठी. पहिलं, कडू लागलेली भाजी तो पुढे कित्येक दिवस नाकारतो, म्हणजे औषधही गेलं आणि आवडीची भाजीही गेली. शिवाय अर्धं खाल्लं तर किती डोस पोटात गेला कुणास ठाऊक. दुसरं कारण कमी जणांना माहीत असतं. तोंडाने दिलेलं एन्रोफ्लॉक्सासिन किंवा डॉक्सिसायक्लिन पोटात कॅल्शियमला भेटलं की दोघं एकमेकांना चिकटतात आणि कुणीच नीट शोषलं जात नाही. म्हणजे कॅल्शियमची पूड भुरभुरलेल्या शेवग्यात अँटिबायोटिक कालवणं म्हणजे दोन्ही वाया घालवणं. दोघांत किमान दोन तास ठेवा आणि आधी काय द्यायचं ते डॉक्टरांना विचारून घ्या. इंजेक्शनला ही अडचण नाही.

"मग सिरिंजने भरवूच नये का?"

भरवावं लागतं, पण ठरवायचं डॉक्टरांनी, आणि पहिल्यांदा तुमच्या देखत त्यांनीच करून दाखवायचं. सरड्याच्या श्वासनळीचं तोंड जिभेच्या अगदी मुळाशी उघडतं. आपल्यासारखा छातीचा पडदा त्याला नसतो, त्यामुळे चुकून आत गेलेलं जोराने खोकून बाहेर टाकता येत नाही. घाईत मारलेली एक पिचकारी फुप्फुसात गेली की निमोनिया. ज्याच्यासाठी औषध चालू होतं त्याहून हा आजार वाईट.

तोंड जबरदस्तीने उघडताना मऊ पडलेला जबडा मोडतो हेही होतं. शेपटीला धरलं तर शेपटी हातात राहते. डॉक्टर गळ्याखालची लोंबती कातडी हळूच खाली ओढून तोंड उघडायला लावतात. ते शिकून घ्या. अन्न त्याच्या अंगाइतकं कोमट, तोंडाच्या बाजूने, थेंबाथेंबाने, दोन थेंबांत गिळायला वेळ देऊन. आणि त्याआधी तो तापलेला असलाच पाहिजे.

प्रमाणाबद्दल एक इशारा. बरेच दिवस उपाशी राहिलेल्या शरीराला एकदम पूर्ण खुराक दिला तर रक्तातली साखर चढते, तिच्यामागे इन्सुलिन येतं, आणि रक्तातलं फॉस्फेट व पोटॅशियम झपाट्याने पेशींत ओढलं जातं. रक्तात त्यांची टंचाई होऊन हृदय आणि स्नायू बंद पडू शकतात. माणसांतही, दीर्घ उपोषण सोडताना, हाच धोका असतो. म्हणून सुरुवात गरजेच्या चौथाई-अर्ध्या भागापासून, आणि वाढ बऱ्याच दिवसांत.

"दही, अंडं, टॉनिक, काहीच नाही?"

दह्याची बाजू समजण्यासारखी आहे. अँटिबायोटिकने पोटातले चांगले जंतू गेले, दह्यात चांगले जंतू आहेत, मग द्यावं. पण दह्यातले जंतू दुधावर वाढणारे आहेत आणि इग्वानाचं काम पानाचा चोथा आंबवणाऱ्यांशी आहे. शिवाय दुधातली साखर पचवण्याची सोय सरड्याकडे नाही, त्याने जुलाब लागतात. त्याचे जंतू परत आणायचा मार्ग म्हणजे ऊब आणि चोथ्याचा पाला.

अंडं, पनीर, मांजराचं खाणं "ताकदीला" देऊ नये. इग्वानाला प्राणिज प्रथिनं भरवत राहणं आणि त्याची मूत्रपिंडं निकामी होणं यांचा संबंध डॉक्टर नेहमी पाहतात. आजारपणात तर मूत्रपिंडांवर आधीच औषधाचा भार असतो. माणसांची मल्टिव्हिटॅमिनची थेंबं हीही गंमत नव्हे. अ आणि ड जीवनसत्त्वं शरीरात साचतात आणि जास्त झाली की विष ठरतात. भूक वाढवणारं सिरप सरड्यावर कितपत चालतं, हा वाद घालण्यापेक्षा थर्मामीटर बघा असं मी म्हणेन.

घरी गेको किंवा बिअर्डेड ड्रॅगन असेल तर

ऊब-पाणी-अन्न हा क्रम तोच, ताट वेगळं. लेपर्ड गेको फक्त कीटक खातो. बिअर्डेड ड्रॅगन लहानपणी कीटक जास्त, मोठेपणी पाला जास्त. झुरळं, नाकतोडे, अळ्या यांत कॅल्शियम फार कमी, म्हणून एक-दोन दिवस आधी त्या कीटकांना चांगला पाला खाऊ घाला आणि देताना कॅल्शियमची पूड लावा. आजारी प्राण्याच्या पेटीत जिवंत नाकतोडे रात्रभर सोडू नका. तो त्यांना खात नाही, ते त्याला कुरतडतात. बागेतले कीटक फवारणीमुळे नकोत, आणि काजवे कधीही नको. अमेरिकेत पकडलेला एखादा काजवा खाऊन बिअर्डेड ड्रॅगन मेल्याची प्रकरणं नोंदलेली आहेत. गेकोची शेपटी ही त्याची चरबीची साठवण. ती बारीक होऊ लागली की साठा संपत चालला असं समजा.

कधी वाट पाहायची नाही

घरातला सगळ्यात उपयोगी डॉक्टर म्हणजे स्वयंपाकघरातल्यासारखा पण त्याच्यासाठी वेगळा घेतलेला वजनकाटा. औषध चालू असताना एक दिवसाआड, त्याच वेळी, शक्यतो अंघोळीआधी वजन करून वहीत लिहा. डोळ्याला फरक दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. सुरुवातीच्या वजनाच्या दहा टक्के घट झाली, डोळे आत गेले, बोटं किंवा पाय थरथरू लागले, खाल्लेलं उलटून आलं, किंवा ऊब देऊनही अंग काळपट पडून राहिलं तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका. मादी असेल आणि पोट फुगलेलं असेल तर अंडी असू शकतात, त्यानेही खाणं थांबतं. ते औषधाच्या खात्यावर टाकून गप्प बसू नये.

औषध मात्र स्वतःहून बंद करायचं नाही. फोन करा आणि विचारा: हे औषध भूक मारणारं आहे का, दुसरं चालेल का, तोंडाने द्यायच्या औषधाऐवजी इंजेक्शन जमेल का, पाणी कातडीखालून द्यावं का? हे प्रश्न ऐकून चांगला डॉक्टर रागावत नाही. सरड्यांचं बघणारे डॉक्टर मोजके असतात. बडोद्याला त्यातल्या त्यात बरं आहे, आणंदचं पशुवैद्यकीय महाविद्यालय चाळीसेक किलोमीटरवर आहे. कुठेही जायचं तर आधी फोन करून सरपटणारे प्राणी बघणारं कुणी आज आहे का ते विचारा. थंडीत नेताना खोक्यात गरम पाण्याची पिशवी कापडात गुंडाळून ठेवा, नाहीतर टेबलावर पोहोचेपर्यंत प्राणी गारठलेला असतो आणि तपासणीत तो आहे त्याहून जास्त आजारी दिसतो. बरोबर वजनाची वही, पेटीतल्या तापमानाचे आकडे आणि शेवटच्या शीचा फोटो न्या.

कोर्स संपल्यावर भूक एका दिवसात परतत नाही. इग्वानाच्या आतड्यातले जंतू सावरायला काही आठवडे जाऊ शकतात. तोवर ताट लहान, पाला बारीक, आणि वजन आठवड्यातून एकदा, आजाराआधीचा आकडा परत दिसेपर्यंत.